आधी जहाज, मग यॉट

21 मे 2025 रोजी कारवारला नौदलात दाखल झालेल्या ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ या शिडाच्या नौकेचा नमुना अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या भित्तिचित्रातून घेतलेला आहे. चित्रावरून डौल कळतो, पण पाण्याखालच्या भागाचा नेमका घेर, वजनाची वाटणी, डोलकाठीवर येणारा ताण यांतले काहीच मिळत नाही. नौदलातल्या तंत्रज्ञांनी ते आकडे नव्याने बसवले, आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागात प्रतिकृतीच्या चाचण्या झाल्या आणि केरळचे बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या कारागिरांनी गोव्यात फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. यॉट डिझाइनकडे जाऊ पाहणाऱ्या संभाजीनगरच्या विद्यार्थ्याने या उदाहरणातला क्रम नीट पाहावा. देखणा आकार समोर तयार होता. तो पाण्यावर उभा राहिला गणितामुळे.

म्हणूनच बारावीनंतर थेट परदेशातली ‘यॉट डिझाइन’ नावाची पदवी गाठण्यापेक्षा भारतात नेव्हल आर्किटेक्चरची, म्हणजे जहाजांच्या आराखड्याची, चार वर्षांची पदवी घ्यावी आणि यॉटचे विशेष शिक्षण त्यानंतर घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. वाऱ्याने नौका कलली की पाण्यात बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि पाण्याच्या उचलीचा केंद्रबिंदू कललेल्या बाजूला सरकतो. वजनाचा केंद्रबिंदू मात्र जागच्या जागी राहतो. या दोन बिंदूंमधल्या आडव्या अंतरामुळेच नौका पुन्हा सरळ होते. ते अंतर कोणत्या कलापर्यंत वाढते आणि कुठे संपते, हे काढता आले नाही तर सुंदर रेखाटनाचा उपयोग नाही. मालवाहू जहाज असो की यॉट, हा हिशेब त्याच सूत्रांनी होतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मालवाहू जहाजांवर बेतलेल्या अभ्यासक्रमात शिडाला फारशी जागा नसते. यॉट तासन्‌तास कललेली चालते, आडवी घसरत जाते. तिच्या तळाची कील पाण्यात विमानाच्या पंखासारखी काम करते. आपल्याकडची उणीवही लपलेली नाही. रत्नाकर दांडेकर यांनी गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली 56 फुटी ‘म्हादेई’ ही शिडाची नौका घेऊन दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, पण तिचा आराखडा व्हॅन डी स्टाट या डच कंपनीचा होता. बांधणारे हात आपले, डिझाइन बाहेरचे. तरीही यातून विशेष पदवीच आधी हवी, असे निघत नाही. यॉटच्या पाण्यातल्या विरोधाचा अंदाज बांधण्यासाठी जगभर वापरली जाणारी प्रतिकृतींची मालिका 1970 च्या दशकापासून डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात, जहाजांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेतच तयार झाली. शिवाय यॉटचे काम मिळेपर्यंत पोट भरायचे असते, आणि जहाजाच्या पदवीला गोदीत, जहाज-वर्गीकरण संस्थेत, नौदलात मागणी आहे. शैक्षणिक कर्ज डोक्यावर असणाऱ्या घराने हा मुद्दा गौण मानू नये.

नेव्हल आर्किटेक्चरचे शिक्षण आयआयटी खरगपूरला 1952 पासून मिळते. त्याशिवाय आयआयटी मद्रास, कोचीनचे ‘क्युसॅट’ आणि भारतीय सागरी विद्यापीठाचे विशाखापट्टणम केंद्र आहे. प्रवेशपरीक्षेत तिथवर गुण पोहोचले नाहीत म्हणून वाट संपत नाही. संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून मेकॅनिकल करूनही पुढे सागरी अभियांत्रिकीत एम.टेक.कडे वळता येते. 2022 पासून ‘गेट’ परीक्षेत नेव्हल आर्किटेक्चरचा स्वतंत्र पेपरही आहे. गावात समुद्र नाही, ही अडचण मला दुय्यम वाटते. आजच्या बहुतेक यॉटचे अंग फायबर आणि राळेचे असते, आणि प्लॅस्टिकचे तंत्र शिकवणारी ‘सिपेट’ याच शहरात आहे. उणीव राहते ती शीड हाताळण्याची, आणि ती वर्गात भरून निघत नाही. त्यासाठी सुट्ट्यांत मुंबई-गोव्याच्या सेलिंग क्लबांत जावे, एखाद्या बोटयार्डात फायबरचे थर चढवायला शिकावे. मग यॉटच्या विशेष शिक्षणासाठी मिलान किंवा साउदॅम्प्टनचा विचार करावा. पालकांना एकच सांगणे: प्रवेशअर्ज भरताना पदवीच्या नावातला ‘यॉट’ शोधू नका, विषयांच्या यादीत स्थैर्य, द्रवगतिकी आणि संरचना आहेत का, ते आधी तपासा.