दोन तपासण्या, एकच मूल

वाचताना अडखळणाऱ्या मुलाला ‘अभ्यासात लक्ष नाही’ हा शेरा फार लवकर मिळतो. त्याला नीट दिसतं का, हे पाहायचं मात्र राहून जातं. मूलही तक्रार करत नाही. लहानपणापासून धूसरच दिसत असेल, तर सगळ्यांना तसंच दिसतं असं त्याला वाटतं.

6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार आरोग्य पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला यायचं असतं. डोळे तपासायला लागतो एक तक्ता. डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलन यांनी 1862 मध्ये केलेल्या तक्त्याच्या घराण्यातला. अक्षरओळख नसलेल्यांसाठी त्यावर इंग्रजी ‘ई’ चारही दिशांना वळवलेला असतो. त्याचं उघडं तोंड कुठे, ते मुलानं हातानं दाखवायचं. रांगेत उभ्या मुलांना अक्षरं ऐकून पाठ होतात, म्हणून वाचता येणाऱ्यांनाही हाच बरा. डोळा झाकताना बोटांत फट राहिली, की चांगला डोळा हळूच डोकावतो आणि दुसऱ्याचा दोष निसटतो. तो ‘आळशी डोळा’ असेल तर उशीर महागात पडतो. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून दुसऱ्याला कामाला लावण्याचा उपचार वयाच्या सातव्या वर्षाआधी सर्वात चांगला लागू पडतो.

पण लांबच्या तक्त्यात सगळंच सापडत नाही. प्लस नंबरचं मूल शेवटची ओळही वाचून दाखवतं आणि पुस्तक उघडलं की थोड्याच वेळात थकतं.

तिथे वाचनचाचणी उपयोगी पडते. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकारानं 2005 पासून होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणातली चाचणी एका कागदावर मावते: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एकेका मुलाला जवळ बसवून आधी परिच्छेद वाचायला द्यायचा. जमला तर गोष्ट, नाही तर शब्द. काही मिनिटांचं काम. पुस्तक नाकाशी धरणं, मान तिरकी करणं, ओळ हरवणं हेही वर्गाच्या बाईंना तेव्हाच दिसतं. म्हणून दोन्ही निकाल शेजारीशेजारी ठेवून पाहायला हवेत.

डोळे ठीक असूनही अक्षर आणि आवाज यांची सांगड बसत नसेल, तर डिस्लेक्सियाची शक्यता तपासावी. तो डोळ्यांचा दोष नाही, चष्म्यानं जात नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे.

चष्मा मिळाला तरी तो वापरात यावा लागतो. चीनमध्ये मोफत चष्मे दिलेल्या मुलांचे गणिताचे गुण वाढल्याचं 2014 च्या एका अभ्यासात आढळलं, पण त्यांतली बरीच मुलं चष्मा लावतच नव्हती. महिन्याभरानं बाईंनी तोच परिच्छेद पुन्हा वाचून घ्यावा, या वेळी चष्मा लावून.