दहा दिवस आधी

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की बीड–परळी रस्त्यावर रोपांनी भरलेले टेम्पो दिसू लागतात. वडवणीच्या आठवडी बाजारालाही काळ्या पिशव्यांतल्या कलमांची रांग लागते. केसर, हापूस, सीताफळ, पेरू, जांभूळ सगळं मिळतं. परसात दोन झाडं असावीत असं ज्याला वाटतं तो दोन केसर घेतो, मोरीच्या पाण्याजवळ खड्डा करून लावतो आणि पुढच्या वैशाखात तिथे वाळलेली काडी उभी असते. मग विकणाऱ्यानं फसवलं, जमीनच वाईट आहे किंवा आमच्या हातालाच झाड लागत नाही, अशी कारणं निघतात. यातलं एखादं कधीमधी खरंही असेल. पण या भागातल्या परसबागेचं मूळ दुखणं वेगळं आहे. वर्षातले सहा महिने ज्या घरची कर्ती माणसं बाहेर असतात, त्या घरी रोज पाणी मागणारं झाड आपण नेऊन लावतो. इथे कोय जागेवर लावावी, रोप वर्षाचं झालं की त्याच जागी त्यावर कलम बांधावं आणि कलमाची काडी स्वतः पाहिलेल्या झाडावरून आणावी. फळझाड मिळवण्याचा हा रस्ता जुना आहे, बिनखर्चाचा आहे आणि वडवणीसारख्या तालुक्यात तोच सर्वांत खात्रीचा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

आधी जागा पाहू. बीड जिल्ह्यात सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण ही सरासरी फसवी आहे. एखाद्या वर्षी तो धो धो येतो, आणि 2012 किंवा 2015 सारख्या वर्षी पिण्यालाही टँकर लागतो. बालाघाटाच्या डोंगराला टेकलेल्या गावांत मुरमाड, उतरती जमीन, त्यामुळे पडलेलं पाणी थांबत नाही. वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतली गावं ऊसतोडीला जाणारी. उचल घेतलेला कोयता, म्हणजे तोडणीला निघालेलं नवरा-बायकोचं जोडपं, दसरा-दिवाळीच्या सुमाराला कारखान्याच्या वाटेला लागतो आणि पाडव्याच्या आगेमागे परततो. घरी राहतात ती म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. पावसाळ्यात लावलेल्या झाडाला पाण्याची खरी गरज लागते ती नेमकी या काळात. ज्या घरात पिण्याचं पाणी डोक्यावरून येतं, तिथे म्हातारीनं झाडाला रोज दोन तांबे घालावेत, अशी अपेक्षा धरणंच चूक आहे. म्हणून झाडालाच स्वतःचं पाणी स्वतः शोधता आलं पाहिजे.

ते शोधतं सोटमूळ. कोय रुजते तेव्हा वरचा कोंब दिसायच्या आत मूळ खाली निघालेलं असतं. उकिरड्यावर उगवलेली आणि पोरांनी पुंगी करायला उपटलेली कोय आठवा. वर वीतभर तांबूस शेंडा असतो आणि खाली त्याहून लांब मूळ. हेच रोप पिशवीत वाढलं की मूळ तळाला टेकतं, वळतं आणि तिथेच वळसे घालत बसतं. रोपवाटिकेत पिशव्या बरेच महिने एका जागी राहिल्या तर सोटमूळ पिशवी फोडून जमिनीत उतरतं, मग विक्रीच्या वेळी ते तोडूनच पिशवी उचलावी लागते. लावल्यावर बाजूची मुळं फुटतात, झाड जगतंही, पण त्याला सवय लागलेली असते वरच्या फूटभर मातीतल्या ओलाव्याची. ठिबक असलेल्या बागेत याचं काही बिघडत नाही, आणि मोठ्या बागा पिशवीतल्या कलमांवर उत्तम उभ्या आहेत. पाणी नसलेल्या परसात मात्र जागेवर रुजलेल्या कोयीचं मूळ मुरमाच्या भेगेतून खाली जातं, आणि पहिला उन्हाळा कसाबसा निघाला की दुसऱ्या उन्हाळ्याची भीती बरीच कमी होते. पहिल्या उन्हाळ्यासाठी शेजारी पुरलेलं मडकं आणि वरून पऱ्हाटीचा आडोसा एवढं पुरतं. आठवड्यातून एकदा मडकं भरणं म्हातारीलाही जमतं.

लावण्याचं काम थोडक्यात सांगता येतं. उन्हाळ्यात दोन-तीन फुटांचा खड्डा काढून तापू द्यायचा, शेणखत आणि वरची माती घालून भरायचा, आणि जूनमध्ये रसाच्या आंब्याच्या ताज्या तीन-चार कोया त्यात टाकायच्या. कोय ताजीच हवी, महिनाभर वळचणीला पडलेली बहुधा रुजत नाही. त्यातलं जोमदार रोप ठेवायचं. पुढच्या पावसाळ्यात त्यावर तांबूस कोवळी फूट आली की कलमाची वेळ झाली. याला शास्त्रात मृदुकाष्ठ कलम म्हणतात, कलम बांधणारे पाचर कलम म्हणतात.

ते बांधताना जवळून पाहण्यासारखं आहे. कलम बांधणारा खाली बसतो. चाकू छोटा, पण त्याची धार हाताच्या केसांवर पाहिलेली असते. खुंटाचा, म्हणजे खालच्या रोपाचा, शेंडा तो एका झटक्यात उडवतो, बुडाची पानं राखतो आणि कापलेल्या तोंडावर मधोमध दोन बोटं खोल चीर देतो. कैरीच्या देठाला येतो तसा उग्र वास सुटतो, चीक पाझरतो, तो फडक्यानं टिपला जातो. मग दुसऱ्या हातातली काडी, पेन्सिलीएवढी जाड, वीतभराहून तोकडी. तिच्या बुडाला दोन्ही बाजूंनी उतरता काप, म्हणजे पाचर. पाचर चिरेत बसवताना तो क्षणभर थांबतो. काडीची साल आणि खुंटाची साल किमान एका कडेनं एका रेषेत आली पाहिजे, कारण सालीखालच्या हिरवट ओल्या थरातूनच दोघांचा जीव जुळतो. मधलं लाकूड कितीही घट्ट बसलं तरी त्याचा उपयोग नाही. नंतर बोटभर रुंद प्लास्टिकची पट्टी खालून वर ताणून गुंडाळायची आणि वर बर्फाच्या कांडीची लांबट पिशवी टोपीसारखी चढवायची. एवढं व्हायला चहा निवायला लागतो तितकाही वेळ लागत नाही. पंधरा-वीस दिवसांत काडीचा डोळा फुगतो, पिशवीच्या आत हिरवं टोक दिसतं.

हात कितीही तयार असला तरी सगळं अवलंबून असतं ते काडीवर, आणि काडीचं काम चाकूच्या आधी सुरू होतं. ज्या फांदीची काडी घ्यायची तिची पानं आठ ते दहा दिवस आधी काढावी लागतात, फक्त देठ ठेवून. पानं गेली की फांदीचा रस शेंड्याच्या डोळ्याकडे वळतो, डोळा टपोरा होतो आणि जोडल्यावर लगेच फुटायला तयार असतो. पानासकट आज कापून आज बांधलेली काडी बहुतेक वेळा काळी पडते. जाणता कलम बांधणारा कोणालाही पहिला प्रश्न हाच करतो, की दहा दिवस आधी पानं काढली होती का. उत्तर ‘नाही’ असं आलं तर तो चाकू उघडत नाही.

या दहा दिवसांत सगळ्या मुद्द्याचं सार आहे. दहा दिवस आधी पानं काढायची म्हणजे मूळ झाडाकडे दोनदा जावं लागतं. ते झाड कुठे आहे, कोणाचं आहे, फळ कसं देतं, दरवर्षी देतं की वर्षाआड, मोहोर करपतो का, हे माहीत असल्याशिवाय कोणी एका फांदीसाठी दोन खेपा घालत नाही. टेम्पोवरच्या कलमाबद्दल यातलं काहीच कळत नाही. पिशवीवर ‘केसर’ लिहिलेलं असतं, पण काडी कोणत्या झाडाची हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आपल्या राज्यात यासाठी कायदा आहे, 1969 चा. फळझाडांची रोपवाटिका चालवायला परवाना लागतो आणि खुंट कुठला, काडी कुठल्या झाडाची याची नोंद ठेवणं परवानाधारकावर बंधनकारक आहे. कायदा चांगला आहे, पण रस्त्याकडेच्या टेम्पोत त्या नोंदवहीचा पत्ता नसतो. आणि चूक कळते ती चार-पाच वर्षांनी, पहिलं फळ हातात आल्यावर. तेव्हा जाब विचारायला समोर कोणी उरलेलं नसतं.

शिवाय काडी केसरचीच का? मराठवाड्याच्या केसरला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो चांगला आंबा आहे आणि छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्रासारख्या ठिकाणाहून त्याची खात्रीची काडी किंवा कलम मिळू शकतं. पण परसातल्या झाडानं बाजार गाठायचा नसतो. प्रत्येक गावात दोन-चार गावरान आंबे असे आहेत की ज्यांना माणसं नावानं ओळखतात. शेप्या, खोबऱ्या, गोटी, साखऱ्या. एखादा लोणच्याचा, मीठ घातलं की वर्षभर करकरीत राहणारा. एखादा नुसत्या रसाचा. हे आंबे कोयीपासून जसेच्या तसे येत नाहीत, कारण कोयीत परागाच्या रूपानं दुसऱ्या झाडाचाही अंश असतो. झाड गेलं की ती चव संपली. आणि झाडं जात आहेत. वाटणीत बांध बदलतो, लेकीच्या लग्नाला पैसे लागतात, विहिरीचं कर्ज होतं, आणि शंभर वर्षांचा आंबा फळीसाठी किंवा वीटभट्टीसाठी विकला जातो. सरकारी योजनेत या झाडांना जागा नाही, रोपवाटिकेच्या यादीतही नाही. त्यांना वाचवू शकतो तो फक्त दहा दिवस आधी शिडी लावून पानं काढणारा माणूस.

यावर पहिला आक्षेप वेळेचा असतो. कोय लावा, वर्ष थांबा, मग कलम करा, त्यापेक्षा तयार कलम लावलं तर एक वर्ष वाचतं. कागदावर वाचतं खरं. पण तयार कलम एका उन्हाळ्यात मेलं आणि पुन्हा लावावं लागलं तर वाचलेलं वर्ष गेलंच, आणि तिसऱ्यांदा लावणारी घरंही कमी नाहीत. जागेवरचं कलम फसलं तर खुंट जिवंत राहतो, त्यावर पुन्हा फूट येते, पुन्हा काडी बांधता येते. बोरीच्या बाबतीत तर हा आक्षेप उलटाच पडतो. बांधावरची गावठी बोर आधीच खोल गेलेली असते. तिला एप्रिलमध्ये जमिनीलगत छाटायची, येणाऱ्या जोमदार फुटव्यावर पावसाळ्याच्या तोंडाला उमराण किंवा मेहरुण जातीचा डोळा भरायचा, आणि बोरं लवकरच, बहुधा दुसऱ्या वर्षापर्यंत हाती येतात. पिशवीतलं कोणतंही रोप याला गाठू शकत नाही. तरीही दरवर्षी बांधावरच्या बोरी काटेरी म्हणून तोडल्या जातात आणि शेजारी विकत आणलेली बोर लावली जाते, याचं मला वाईट वाटतं.

दुसरा आक्षेप कौशल्याचा. प्रत्येकाला कलम बांधता येतं का? सुरुवातीला येत नाही, आणि पहिल्या खेपेला बरीच कलमं फसतात, हे मान्यच केलं पाहिजे. पण हे काम पुस्तकापेक्षा हाताजवळ बसून लवकर येतं. शिकण्यासाठी विचारायला अंबाजोगाईला दीनदयाळ शोध संस्थानचं कृषी विज्ञान केंद्र आहे, गेवराई तालुक्यात खामगावला दुसरं आहे. कामासाठी ज्यांच्या हातात कोयता आहे त्या माणसांच्या हाताला धारेची ओळख नव्यानं करून द्यावी लागत नाही. एका गावात एक हात तयार झाला तरी पुरे, कारण कलमाचा हंगाम श्रावणाच्या आसपासचा असतो आणि तेव्हा तोडणीची माणसं गावातच असतात.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. तो असा, की या डोंगराचं खरं फळ सीताफळ आहे आणि त्याला या उठाठेवीची गरजच नाही. हे बरंचसं खरं आहे. बालाघाटात सीताफळ आपोआप उगवतं, उन्हाळ्यात पानं टाकून स्वस्थ उभं राहतं, शेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत आणि तोडणीला निघायच्या आधी, नवरात्र-दिवाळीच्या दिवसांत, फळ येतं. बीडच्या सीताफळालाही 2016 मध्येच मानांकन मिळालं. ज्याला फक्त घरी खायचं फळ हवं त्यानं डोंगरातल्या गोड, कमी बियांच्या झाडाच्या बिया भिजवून जागेवर लावाव्यात, तीन-चार वर्षांत फळ लागतं. पण झाडागणिक फरक पडतोच. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्रानं धारूर-6 ही जात दिली ती या डोंगरातल्याच वैविध्यातून निवड करून. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी एनएमके-1 निवडलं तेही बारीक नजरेनं झाडं पाहूनच. निवडलेलं झाड तसंच्या तसं हवं असेल तर सीताफळालाही कलमच करावं लागतं. इथे एक सावधगिरी हवी. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बियाणं राखण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क दिला आहे, पण दुसऱ्यानं कष्टानं काढलेल्या नोंदणीकृत वाणाची कलमं करून त्याच नावानं विकणं हा त्या कष्टावरचा घाला आहे. डोंगरातल्या बेनाव झाडाच्या काडीवर मात्र कोणाचाही मक्ता नाही.

राहिला प्रश्न सरकारी योजनांचा. 1990 मध्ये राज्यात रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, 2018 पासून भाऊसाहेब फुंडकर यांच्या नावाची योजनाही आहे. या योजनांनी हजारो शेतकऱ्यांना बागायतदार केलं, याचं मोल कमी लेखता येणार नाही. पण योजनेला लागते सलग जमीन आणि पाण्याची सोय. परसातली दोन झाडं तिच्या हिशोबात बसत नाहीत. भूमिहीन तोडणी कामगाराकडे असतं ते घरामागचं दहा बाय दहाचं अंगण. त्याला अनुदानापेक्षा कोय, काडी आणि वेळापत्रक यांची गरज आहे. सुदैवानं हे वेळापत्रक त्याच्या वर्षाशी जुळतं. आषाढाच्या अखेरीस पानं काढायची, श्रावणात कलम बांधायचं, दसऱ्यानंतर निघताना पट्टी सोडायची. पट्टी तशीच राहिली तर वाढत्या सालीत रुतते आणि वाऱ्यात जोड मोडतो. जोडाच्या खालून येणारी गावठी फूटही तेव्हाच खुडायची आणि घरी राहणाऱ्या माणसाला दाखवून ठेवायची. ती फूट जोरदार असते, दिसायला सुंदर असते, आणि पाडव्याला परतेपर्यंत वाढू दिली तर वरची काडी उपाशी राहून मरते. म्हातारीला आणि लेकरांना एवढंच सांगायचं, की बांधलेल्या जागेच्या खाली जे फुटेल ते नखानं खुडा, वरच्याला हात लावू नका, आणि मंगळवारी मडकं भरा.