डोरियन ग्रे : पापाचा हिशेब कॅनव्हासवर

ऑस्कर वाइल्डची 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' जुलै १८९०मध्ये 'लिपिन्कॉट्स' मासिकात आली. संपादक स्टोडार्टने लेखकाला न विचारता आक्षेपार्ह वाटलेले सुमारे ५०० शब्द उडवले होते. तरी लंडनची वृत्तपत्रं अनीतीचा आरोप करत तुटून पडली, डब्ल्यू. एच. स्मिथने रेल्वे स्टॉलवरून अंकच उचलला. १८९१च्या पुस्तकात १३ प्रकरणांची २० झाली, शिवाय कलेला नीती-अनीतीच्या तराजूत तोलू नका असं बजावणारी प्रस्तावना. गंमत म्हणजे कथा स्वतः तो तराजू खाली ठेवतच नाही.

डोरियन तरुणच राहतो, झिजतं ते त्याचं चित्र. सिबिल व्हेन या नटीला झिडकारून तो घरी येतो, तेव्हा चित्रातल्या ओठांशी क्रूरपणाची पहिली छटा दिसते. पुढे तो खून करतो, तेव्हा चित्रातल्या हातावर रक्त. अखेरीस एका खेड्यातल्या मुलीला बरबाद न करता सोडल्यावर तो मोठ्या आशेने पडदा सारतो, तर डोळ्यांत लबाडी आणि तोंडाशी ढोंगी माणसाची सुरकुती! कादंबरीतला सर्वांत निर्दय क्षण माझ्या मते हाच, खुनाचा नव्हे.

वाइल्डने स्वतः लावलेल्या १८९५च्या बदनामीच्या खटल्यात प्रतिवादीचा वकील कार्सनने वाइल्डची उलटतपासणी घेताना याच कादंबरीतले उतारे वाचले, तेही मासिकातल्या पाठातले.