पार्सल कधी पोचणार?

४१३५१२ आणि ४३१५१२. ह्या दोन संख्या जरा निरखून पाहा. दोन्हींत अंक तेच आहेत. फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकांनी आपापसांत जागा बदलल्या आहेत. पहिली संख्या हा लातूरचा पिनकोड आणि दुसरी हा हिंगोली जिल्ह्यातील वसमतचा. आता नांदेडचा पिनकोड घ्या : ४३१६०१. त्यातलेही तेच दोन अंक उलटे लिहा. ४१३६०१! हा झाला तुळजापूरचा. म्हणजे घाईत दोन अंक इकडचे तिकडे झाले, की नांदेडला निघालेले पुस्तक तुळजाभवानीच्या गावाची वाट धरणार!

आज घरबसल्या फोनवरून वस्तू मागवता येते. पैसे भरण्यापूर्वीच पडद्यावर अक्षरे उमटतात : ‘मंगळवारपर्यंत मिळेल.’ दुकानाला हे कसे कळते? त्यात जादू नाही, ज्योतिष तर नाहीच. आहे ते साधे गणित. पण त्या गणितात घसरण्याच्या जागा मात्र बऱ्याच आहेत.

सहा अंकांत काय दडले आहे?

आपल्या देशात एकाच नावाची अनेक गावे आहेत आणि पत्ते लिहिण्याच्या भाषाही अनेक. पूर्वी टपालाची छाननी करणाऱ्यांची त्यामुळे फार त्रेधा उडे. ह्यावर तोडगा काढला श्रीराम भिकाजी वेलणकर ह्या मराठी टपाल अधिकाऱ्याने. ते संस्कृतचे पंडित आणि कवीही होते. त्यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला.

पहिला अंक देशाचा विभाग सांगतो. भौगोलिक विभाग आठ. नववा अंक सैन्याच्या टपालासाठी. आपला अंक ४. दुसरा अंक उपविभाग दाखवतो, तिसरा टपाल छाननीचा जिल्हा दाखवतो, आणि शेवटचे तीन अंक नेमकी टपाल कचेरी सांगतात.

येथे एक गंमत आहे. नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा आणि अहमदपूर हे शेजारशेजारचे तालुके लागतात. लोह्याचा पिनकोड ४३१७०८, अहमदपूरचा ४१३५१५. शेजारी असूनही सुरुवात वेगळी! कारण ४३१ हा छत्रपती संभाजीनगरचा (पूर्वीच्या औरंगाबादचा) गट आहे आणि ४१३ हा सोलापूरचा. जुन्या रेल्वेचा नकाशा पाहिला तर असेच दोन गट दिसतात. नांदेडची गाडी परभणी, जालना, औरंगाबादमार्गे मनमाडला जाई. लातूरची अरुंद रुळांची गाडी बार्शीवरून सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडीला पोचे. तेव्हा नकाशावर दोन गावे जवळ दिसली, म्हणून पार्सलही सरळ रेषेत जाईल असे समजू नये. ते आधी छाननीच्या ठिकाणी जाते, मग पुढे.

म्हणून ऑनलाइन दुकान गावाच्या नावापेक्षा पिनकोडवर भिस्त ठेवते. त्याच्यापाशी एक मोठा तक्ता असतो. अमुक पिनकोडला आपले पार्सल जाते का, आणि जात असल्यास किती दिवस लागतात, हे त्यात लिहिलेले असते.

तारीख कशी काढतात?

एक उदाहरण सोडवू. समजा, नांदेडमध्ये पुस्तकांचे एक ऑनलाइन दुकान आहे. त्याचे नियम असे : दुपारी २ पर्यंत आलेली मागणी त्याच दिवशी रवाना होते. त्यानंतरची मागणी पुढच्या कामाच्या दिवशी निघते. लातूरला पोचायला कामाचे दोन दिवस लागतात. रविवार आणि सरकारी सुट्टी धरायची नाही.

लातूरच्या एका विद्यार्थिनीने शुक्रवार, २३ जानेवारी २०२६ रोजी दुपारी ३ वाजता पुस्तक मागवले. तिची सराव परीक्षा २८ तारखेला सकाळी आहे. पुस्तक वेळेवर मिळेल का?

भोळा हिशेब असा : २३ अधिक २, म्हणजे २५ तारीख. पण थांबा! २ वाजून गेले आहेत. म्हणून पार्सल शनिवारी, २४ ला निघणार. २५ ला रविवार, २६ ला प्रजासत्ताक दिन. हे दोन्ही दिवस वगळले. मग २७ हा पहिला दिवस आणि २८ हा दुसरा. पुस्तक हाती पडेल ते २८ ला, बहुधा परीक्षा झाल्यावर!

तिने दीड वाजता मागवले असते तर? पार्सल शुक्रवारीच निघाले असते. शनिवार पहिला दिवस, मंगळवार, २७ दुसरा. अभ्यासाला एक संध्याकाळ तरी मिळाली असती.

अशा वेळी पडद्यावर खरी तारीख दिसणे किती मोलाचे आहे, हे लक्षात आले ना? २८ दिसली, तर ती मुलगी मैत्रिणीकडून पुस्तक मागून घेईल. चुकून २७ दिसली, तर ती वाट पाहत बसेल.

घड्याळ कोणाचे?

आणि २७ चुकून दिसू शकते! ते कसे? बहुतेक संगणक १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद लोटले ते मोजून वेळ लक्षात ठेवतात. ही वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरली आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. ८२.५ ला ४ ने गुणा. ३३० मिनिटे, म्हणजे साडेपाच तास. तेवढे आपण पुढे.

आता दुकानाचे घड्याळ भारतीय वेळेवर लावायचे राहून गेले, तर काय होईल? आपल्या दुपारच्या ३ वाजता ते घड्याळ सकाळचे साडेनऊ दाखवील. ‘अजून २ वाजलेले नाहीत,’ असे मानून संगणक २७ तारीख सांगून मोकळा होईल. बिचाऱ्याचे गणित बरोबर, पण घड्याळ परक्याचे!

लिहिण्याच्या रीतीमुळेही असाच घोटाळा होतो. ०५/१०/२०२६ हे आपण ५ ऑक्टोबर असे वाचतो, अमेरिकेत मात्र १० मे असे वाचतात. म्हणून १९८८ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरले : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २०२६-१०-०५ असे लिहिले की शंकेला जागाच उरत नाही.

भिंत न फोडता खुंटी

प्रत्येक दुकानाचे नियम वेगळे. मिठाईवाल्याला मिठाई दोन दिवसांपेक्षा अधिक वाटेत नको असते. रोपवाटिकेला रोपे रविवारी पडून राहिलेली चालत नाहीत. मग प्रत्येकासाठी नवी आज्ञावली लिहायची की काय? तशी गरज नसते. वूकॉमर्स ही २०११ साली आलेली दुकानाची आज्ञावली सर्वांना खुली आहे. तिच्यात जागोजागी खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत असे समजा. ‘तारीख दाखवण्यापूर्वी’, ‘मागणी नोंदल्यावर’ अशा टप्प्यांवर आपण आपला छोटा नियम खुंटीला दप्तर अडकवावे तसा अडकवतो. भिंत जशीच्या तशी राहते.

असे नियम लिहिताना जाणकार दोन गोष्टी सांभाळतात. ग्राहकाने तारीख निवडल्यावरही मागणी पक्की करताना ती पुन्हा तपासायची. कारण उद्याच्या गाडीत एकाच पार्सलाची जागा असेल आणि दोघांनी एकाच वेळी ती तारीख निवडली असेल, तर एकाला नाही म्हणावेच लागते. दुसरे म्हणजे, दिलेली तारीख मागणीबरोबरच लिहून ठेवायची. उद्या दुकानाने नियम बदलले, तरी काल दिलेला शब्द बदलता कामा नये.

चूक पकडणारा अंक

आता सुरुवातीच्या कोड्याकडे वळू. लातूरऐवजी वसमतचा पिनकोड टाइप झाला तर संगणकाला तो चुकीचा वाटत नाही, कारण वसमत हे खरेच गाव आहे. म्हणून चांगली दुकाने पिनकोड टाकताच जिल्ह्याचे नाव दाखवतात. ‘हिंगोली’ वाचून लातूरचा माणूस लगेच सावध होतो.

गणितानेही हे साधते. अंकांची नुसती बेरीज उपयोगी नाही. दोन्ही पिनकोडांची बेरीज १६ च येते. त्याऐवजी अंकांना क्रमाने १, २, ३, ४, ५, ६ ने गुणून बेरीज करा. लातूरची बेरीज येते ५२, वसमतची ५०. दोन्हींना ११ ने भागा. बाकी उरते ८ आणि ६. ही बाकी सातवा अंक म्हणून जोडली असती, तर चूक तिथल्या तिथे पकडली गेली असती. जुन्या दहा अंकी पुस्तक-क्रमांकांत शेवटचा अंक असाच, ११ ने भागून ठरत असे.

ही युक्ती नेहमी चालते का? शेजारचे दोन वेगळे अंक उलटले, तर बेरजेत त्या दोघांच्या वजाबाकीएवढाच फरक पडतो. तो १ ते ९ च्या दरम्यान असतो. त्याला ११ ने भाग जाणार नाही, म्हणून बाकी बदलतेच. पिनकोडला मात्र असा सातवा अंक नाही. तेथे आपली नजर हाच पहारेकरी.

करून पाहा

नांदेड आणि तुळजापूर यांच्या पिनकोडांवर वरील रीत चालवा. एका ठिकाणी बाकी १० येईल. ती एका अंकात कशी लिहाल? मग आपल्या गावाच्या पिनकोडाचे दुसरा-तिसरा अंक उलटे करा आणि टपाल कचेरीत विचारा, की तो कुठल्या गावाचा आहे. शेवटी वरच्या उदाहरणातील विद्यार्थिनीने शनिवारी, २४ जानेवारीला, सकाळी ११ वाजता पुस्तक मागवले असते, तर ते कधी मिळाले असते? उत्तर काढा, म्हणजे एक तासाची आणि एका रात्रीची किंमत सारखीच असते का, तेही कळेल.