रक्तदात्याचा शोध आणि ओळखीचे जाळे

शस्त्रक्रियागृहाबाहेर बसलेल्या नातेवाइकाच्या हाती रक्ताच्या मागणीची चिठ्ठी पडते आणि त्याची बोटे आपोआप मोबाइलकडे वळतात. लहानशा पडद्यावर रक्तपेढ्यांचे पत्ते, जुन्या शिबिरांच्या बातम्या व जाहिराती यांची रांग लागते. आपल्या गटाचे रक्त आज कोठे मिळेल, हे मात्र त्यातून चटकन उमगत नाही.

अशा वेळी पहिला दूरध्वनी रुग्णालयाशी संलग्न रक्तपेढीला करावा. केंद्र सरकारच्या ‘ई-रक्तकोष’ या संकेतस्थळावरही रक्तपेढीनिहाय साठा पाहता येतो. तेथे नोंद दिसली तरी निघण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. तेवढ्याने काम न झाल्यास समाजमाध्यमांचा आधार घ्यावा. फेसबुकने २०१७ मध्ये भारतात रक्तदात्यांच्या नोंदणीची सोय सुरू केली, ती याच गरजेतून.

या शोधात केवळ जिवलगांवर विसंबून राहू नये. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडले की, नवी माहिती बहुधा दूरच्या ओळखींतून येते. कारण निकटवर्तीयांना आपल्याला ठाऊक असते तेच ठाऊक असते. म्हणूनच जुना सहाध्यायी किंवा गृहसंस्थेच्या गटातील एखादा अल्पपरिचित सदस्य नेमका उपयोगी पडतो.

दुर्मीळ गटांच्या बाबतीत हे जाळे प्राणदायी ठरते. ‘बॉम्बे’ रक्तगटाची पहिली नोंद १९५२ साली मुंबईतील डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. या व्यक्तींच्या रक्तपेशींवर ‘एच’ प्रतिजन नसतो. नेहमीच्या प्राथमिक तपासणीत त्यांचा गट ‘ओ’ असल्याचा भास होतो. परंतु ‘ओ’ गटाचे रक्त त्यांना दिल्यास जिवावर बेतू शकते. त्यांना बॉम्बे गटाचेच रक्त लागते आणि असा दाता बहुधा दुसऱ्या शहरात, ओळखीच्या ओळखीतूनच सापडतो.

आवाहन करताना रक्तगट, पिशव्यांची संख्या, रुग्णालय, शहर, दिनांक आणि वेळ स्पष्ट लिहावी. रुग्णाचे निदान व अहवाल सार्वजनिक करू नयेत. गरज भागताच ‘रक्त मिळाले’ असे त्याच गटांत कळवावे. दिनांक नसलेले आवाहन महिनोन्महिने फिरत राहते, दात्यांना नाहक धावपळ घडवते आणि पुढच्या खऱ्या हाकेवरचा विश्वास उडवते. कोणी दाता म्हणून पैसे मागितल्यास तत्काळ नकार द्यावा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर व्यावसायिक रक्तदानावर देशात बंदी आहे.

दाता सापडला म्हणजे लगेच रक्त मिळाले, असेही नाही. एचआयव्ही, कावीळ ‘बी’ व ‘सी’, उपदंश आणि हिवताप यांच्या चाचण्या अनिवार्य असून त्यांना वेळ लागतो. यास्तव नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस आधीच चौकशी सुरू करावी.

आणखी एक काम आज, निवांतपणी करता येईल. कुटुंबातील प्रत्येकाचा तपासून घेतलेला रक्तगट मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावा. १८ ते ६५ वयाच्या, किमान ४५ किलो वजनाच्या निरोगी सदस्यांनी दाते म्हणून नाव द्यावे. पुरुषांना ९०, तर स्त्रियांना १२० दिवसांनी पुन्हा रक्तदान करता येते. आपण कोणाच्या तरी शोधाचे उत्तर होण्यास सिद्ध असलो, तरच आपल्या हाकेलाही ओ मिळण्याची आशा धरता येते.