नाव शिकायची, पण कोणत्या पाण्यात?

चंद्रपूर आणि गडचिरोली म्हटले की लोकांना आधी जंगल आठवते. पण हे जिल्हे पाण्याचेही आहेत. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, आणि ती सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांचा संगम आहे. शिवाय गावोगाव तलाव आहेत. इतके पाणी असूनही वल्हे हाती धरता येणारी माणसे मात्र थोडी. ढीवर-केवटांची घरे सोडली तर बाकीचे आपण डोंग्यात बसतो ते जीव मुठीत धरूनच.

जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव वैनगंगेत उलटली. त्यातल्या कित्येक जणी घरी परतल्या नाहीत. महिना पावसाळ्याचा नव्हता आणि वाट रोजच्या मजुरीची होती. म्हणून पाण्याची आणि नावेची ओळख ही नुसत्या हौसेची गोष्ट नाही. ती मुलांना वेळेवर व्हावी, आणि योग्य पाण्यात व्हावी.

आजकाल कयाक नावाची एकट्याने चालवायची अरुंद नाव आपल्याकडेही दिसू लागली आहे. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची ही शिकारीची नाव. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर ते सीलचे कातडे ताणून बसवीत. आता ती प्लास्टिकचीही मिळते. तिच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात; एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारायचे. डोंगा काय, कयाक काय, दोन्ही अरुंद आणि दोन्ही कलंडणाऱ्या. त्यामुळे शिकण्याचे पाणी दोघांना एकच लागते.

आता तुम्ही म्हणाल, पाणी शांत दिसले म्हणजे झाले. इथेच फसगत होते. दिसायला शांत आणि असायला शांत, यांत फार अंतर आहे. हिवाळ्यातली वैनगंगा आरशासारखी दिसते, पण आतून ती चालतच असते. गुरुजींनी वर्गात घालावे असे एक सोपे गणित सांगतो. नवशिक्याची नाव साधारण चालत्या माणसाच्या वेगाने, म्हणजे तासाला ४ किलोमीटर जाते असे धरा. नदीची ओढ तासाला २ किलोमीटर आहे. मुलगा ओढीबरोबर अर्धा तास खाली गेला, तर तो ३ किलोमीटर दूर जाईल. परत येताना त्याचा वेग उरेल तासाला २ किलोमीटर. म्हणजे यायला दीड तास हवा, तोही हात दुखत असताना. आणि ओढच ४ किलोमीटरची असली, तर तो परत येणारच नाही!

ओढ मोजायला यंत्र लागत नाही. पळसाचे पान पाण्यात टाका आणि काठाकाठाने त्याच्याबरोबर चाला. पान जागच्या जागी डुलत राहिले तर पाणी शिकाऊ माणसाचे. त्याला गाठायला पाय उचलावा लागला तर ते पाणी जाणत्यांचे.

नदीचे आणखी दोन धोके डोळ्यांना दिसत नाहीत. रेती उपसल्याने पात्रात खोल खड्डे पडतात. कमरेएवढ्या पाण्यातून पुढचे पाऊल थेट डोहात जाते. दुसरे म्हणजे पाणी वरून सोडले जाते. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ गोसीखुर्दचे धरण आहे, त्याला ३३ दारे आहेत. ती उघडली की आपल्याकडे थेंबभर पाऊस नसतानाही वैनगंगा चढते. म्हणून पहिले वल्हे नदीत मारू नये. नदी नंतर आहेच.

मग शिकायचे कुठे? तर आपल्या मामा तलावात. इथला मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, बरे का! माजी मालगुजारी तलाव, त्याचे हे लहान नाव. गोंड राजांच्या काळापासून या मुलखात तलाव बांधले गेले, आणि त्या कामात कोहळी समाजाचे कसब मोठे. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि मागे ‘माजी’ लागले. धानासाठी अडवलेले हे पाणी वाहत नाही, हीच शिकाऊ नावाड्याची सोय. मोठ्या खेळाडूंचेही असेच आहे. २०२१ साली टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये उतरलेली प्राची यादव भोपाळच्या छोट्या तलावातच सराव करीत आली आहे.

पण सगळे तलावही सारखे नाहीत. नागभीड तालुक्यातला घोडाझरी किंवा सावलीकडचा आसोलामेंढा हे मोठे तलाव पहिल्या दिवसांसाठी नव्हेत. वाऱ्याला मोकळे पाणी जितके अधिक मिळते तितकी लाट मोठी होते. ताडोब्याच्या तलावाचा तर विचारच नको. तो राष्ट्रीय उद्यानात आहे आणि त्यात मगरी आहेत. गावाजवळचा लहान तलाव घ्यावा. खूण एकच: या काठावरून हाक मारली तर त्या काठावर ऐकू गेली पाहिजे.

तलावाचा तळ समजून घ्या. सर्वांत खोल पाणी पाळीला लागून असते आणि पाणी सोडायची मोरीही तिथेच असते. मोरी उघडी असेल तर तिथे पाणी आत ओढते. सांडवा वाहत असेल तर त्या बाजूलाही फिरकू नये. जिकडून पाणी येते तिकडे उथळ असते, पण चिखल आणि कमळाचे वेल फार. वल्हे अडकते, पाय रुततो. म्हणून मुरमाड, हळूहळू उतरणारा काठ शोधावा. गुरे रोज पाण्यावर जिथे उतरतात, ती जागा बहुधा अशीच असते.

आणि पाणी निवडायचे ते वैशाखात! तलाव आटला की तळ उघडा पडतो. कुठे झाडाचे खोड आहे, गाळ काढताना कुठे खड्डा झाला आहे, हे तेव्हा दिसते. शिक्षकांनी मुलांकडून त्याच वेळी तलावाचा नकाशा काढून घ्यावा आणि गावातल्या जुन्या ढीवराला दाखवावा. तलावात मगर आहे का, जाळी कुठे लागतात, शिंगाडा कुठे लावला आहे, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक नसते. मासेमारीचा ठेका असतो, म्हणून सोसायटीला आणि ग्रामपंचायतीला आधी विचारावे. कुणाच्या शिंगाड्यातून नाव घालून शिकणे बरे नव्हे.

काळ कोणता? पूर ओसरल्यावर, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत. वेळ सकाळची, कारण दिवस चढला की वारा उठतो. मात्र झुंजूमुंजू असताना जाऊ नये. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावलीच्या पट्ट्यात वाघ त्याच वेळी पाण्यावर येतो. दिवस कासराभर वर आला, धुके फिटले, की नाव पाण्यात घालावी आणि वारा सुटायच्या आत काठाला लावावी. निघताना वाऱ्याच्या तोंडावर जावे, म्हणजे दमल्यावर वारा आपल्याला घराकडे आणतो. काठावरून आत वाहणारा वारा असेल तर त्या दिवशी सुट्टी.

पहिल्या दिवशी कमरेएवढ्याच पाण्यात राहावे आणि काठाला समांतर जावे. अंगात लाइफ जाकीट बांधलेले हवे. ट्यूब किंवा भोपळा हातून सुटतो. पोहणारा मोठा माणूस काठावर नको, पाण्यात उभा हवा. आणि वल्हे शिकवण्याआधी मुद्दाम नाव उलटवून दाखवावी. पालथी पडलेली लाकडी नाव तरंगते. तिला धरून राहायचे, सोडून काठाकडे पोहायचे नाही, हे मुलाच्या अंगवळणी पडले पाहिजे. पत्र्याची नाव मात्र पाणी भरले की तळाशी जाते, म्हणून शिकायला ती घेऊ नये.

महिनाभर तलावात हात बसला, की मग जाणत्या नावाड्याबरोबर नदी पाहावी. तोवर मुलगा एक गोष्ट शिकलेला असेल: नाव भरली आहे, वारा उठला आहे, आज जायचे नाही. हे ‘नाही’ म्हणता येणे वल्हे मारण्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि ते डोंग्यात बसणाऱ्या प्रत्येकालाच आले पाहिजे.