सहा व्हेरिएबल, तीन जागा

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबच्या बाजारात सोयाबीन घातलं की आडत्याकडून पट्टी मिळते. ती पट्टी काढणारं एक छोटं फंक्शन सी भाषेत लिहिलंय असं समजा. ‘वजन’ आणि ‘भाव’ बाहेरून येतात. त्यांचा गुणाकार म्हणजे ‘एकूण’. मग वजनाला ठरलेल्या दरांनी गुणून आधी ‘हमाली’ निघते, नंतर ‘तोलाई’. एकूणमधून या दोन्ही वजा केल्या की उरते ती ‘हाती’ पडणारी रक्कम. अशी सहा व्हेरिएबल झाली. कंपायलर त्यांना ठेवतो कुठे?

ऑप्टिमायझेशन बंद असेल तर जीसीसी हा कंपायलर प्रत्येकाला स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या फंक्शनांसाठीच्या भागात, वेगळी जागा देतो. प्रत्येकी चार बाइटचा ‘इंट’ धरला, तर 24 बाइट झाले. मात्र कंपायलर पक्का पत्ता ठरवत नाही. फ्रेमच्या, म्हणजे स्टॅकवर त्या फंक्शनला मिळालेल्या तुकड्याच्या, ठरावीक टोकापासून किती बाइटांवर, एवढंच तो ठरवतो. फ्रेम तयार होते फंक्शन बोलावल्यावर. म्हणूनच फंक्शन स्वतःलाच बोलावू शकतं: दर वेळी फ्रेम नवी, अंतरं तीच.

ऑप्टिमायझेशन चालू केलं की कंपायलर फंक्शन शेवटाकडून सुरुवातीकडे तपासतो आणि कोणतं व्हेरिएबल कुठपर्यंत लागतं ते पाहतो. भाव लागतो फक्त एकूण काढण्यापुरता, म्हणून एकूण त्याच्याच जागी बसतं. हमालीला तिसरी जागा लागते, कारण वजन आणि एकूण अजून हवेत. तोलाई काढली की वजनाचं काम संपतं, ती त्या जागी जाते. शेवटी हाती येतं एकूणच्या जागी. या जागा म्हणजे प्रोसेसरमधली रजिस्टरं: तीन रजिस्टरांत सगळं भागलं.

मोठ्या फंक्शनसाठी आयबीएमच्या ग्रेगरी चायटिन आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये एक रीत मांडली. एकाच वेळी लागणाऱ्या व्हेरिएबलांच्या जोड्या रेषेने जोडायच्या आणि जोडलेल्यांना वेगवेगळे रंग द्यायचे. एक रंग म्हणजे एक रजिस्टर. रंग पुरले नाहीत तर कुणाला तरी स्टॅकवर जावं लागतं. कोणतं व्हेरिएबल कुठपर्यंत लागतं, हे विश्लेषण खोलात शिकायचं असेल, तर आयआयटी मुंबईच्या उदय खेडकरांनी सहलेखकांसह लिहिलेलं ‘डेटा फ्लो अ‍ॅनालिसिस’ (2009) वाचावं.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं: सीमध्ये फंक्शनच्या आत साधं व्हेरिएबल जाहीर केल्याने जागा मिळते, किंमत मिळत नाही. तिथे आधीच्या कुणाचा आकडा पडलेला असू शकतो. वापरण्याआधी किंमत द्या.